बिनविरोध शर्यत

शहाऐंशी साली सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही, म्हणून तालुक्याच्या सहकारी साखर कारखान्यानं मोटारींची शर्यत घ्यायचं ठरवलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण सहकारात वरवर पाहून चालत नाही. ऊस नव्हता म्हणून गाळप बंद होतं. गाळप बंद होतं म्हणून संचालक मंडळाला वेळ होता. आणि चातुर्मास लागला की बाईमाणसाला जसा एखादा नेम लागतो, तसा रिकाम्या मंडळाला ठराव लागतो. त्यातच जिल्ह्याहून कळवण्यात आलं, की बोअर पाडायचं यंत्र या तालुक्यात उन्हाळ्याआधी एकदाच येईल, एका गावात एक बोअर पाडील आणि पुढं जाईल. गाव कोणतं ते कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी सुचवावं. मागणी एकोणीस गावांची होती.

चेअरमन आबाराव मोठ्या पेचात पडले. एका गावाचं नाव घ्यावं तर अठरा गावं रुसणार. नेमकं त्याच आठवड्यात कारखान्यानं साखरेच्या रिकाम्या गोदामात काढलेल्या तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात इंजिनिअरिंगची मुलं शर्यतीची मोटार स्वतःच आखतात, स्वतःच बांधतात आणि स्वतःच पळवतात. त्यांनी ते सभेत वाचून दाखवलं. आबारावांनी डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा निर्णय होत आहे असं मंडळ समजत असे.

"ज्या पोराची मोटार पहिली येईल, त्याच्या गावाला बोअर," डोळे उघडून ते म्हणाले. "मोटारीला जात न्हाय, गट न्हाय, भावकी न्हाय. इतका चोख न्याय देवळातबी मिळायचा न्हाय."

टाळ्या झाल्या. ठराव क्रमांक चार मंजूर झाला.

ही बातमी तंत्रनिकेतनात आली तेव्हा दुसऱ्या वर्षाचा उत्तरेश्वर कानशीनं लोखंडाची कड घासत होता. त्याच्या हातातली कानस थांबली. त्याचं गाव खडकदरा. तिथं टँकर चौथ्या दिवशी येई आणि उरलेले तीन दिवस येणार म्हणून सांगितलं जाई. त्याची आई चांगुणा पहाटे जाऊन रांगेत घागर ठेवी. घागरीला घरी काम असलं की तिच्या जागी दगड ठेवी. खडकदऱ्यात दगडांची रांग माणसांच्या रांगेइतकीच मानली जात असे आणि दगड भांडत नसल्यामुळं थोडी जास्तच. गेल्या घटस्थापनेला चांगुणानं तुळजापूरच्या आईपुढं पदर पसरला आणि मीठ सोडलं. गावात पाणी लागेल त्या दिवशी मीठ घेईन, एवढंच बोलली. देवीनं अर्ज मागितला नाही, तीन प्रती मागितल्या नाहीत, सूचक-अनुमोदक विचारले नाहीत. देवीचं दप्तर अजून तितकंसं सुधारलेलं नाही.

उत्तरेश्वरनं त्याच दिवशी नाव द्यायचं ठरवलं. कारखान्यातले जुने फिटर बब्रुवान मिस्त्री वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवायला असत. त्यांना त्यानं विचारलं, की मोटारीला कमीतकमी काय काय लागतं. मिस्त्रींनी तंबाखू मळता मळता सांगितलं, चार चाकं, एक इंजिन आणि तक्रार करायला एक माणूस. चाकं भंगारातल्या स्कूटरींची मिळाली. सांगाडा वसतिगृहाच्या मोडक्या खाटांच्या अँगलमधून जोडला. बसायला एस.टी.चं फाटकं सीट मिळालं. इंजिन मात्र कुठं मिळेना. तेव्हा खडकदऱ्याचे सरपंच गुंडप्पा म्हणाले, गावच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन घेऊन जा. बासष्ट सालचं आहे, पण विहिरीत पाणी नसल्यानं दोन वर्षं त्याला मूठभरही काम नाही. असं ते इंजिन बैलगाडीतून आलं. पट्टा चढवून, हँडल मारून मिस्त्रींनी ते चालू केलं तेव्हा गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मोटार हलली, आणि मग चालली. भरल्या गाडीच्या बैलांपेक्षा दुप्पट आणि एस.टी.पेक्षा निम्मा, असा तिचा वेग भरला.

इथवर सगळं यंत्रशास्त्राप्रमाणं झालं. यापुढं ते पोटनियमांप्रमाणं झालं.

शर्यतीचे नियम करायचं काम कारखान्याचे सचिव शिवलिंगप्पा यांच्याकडं आलं. कपाळाला विभूती, आवाज हळू, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी जन्मात शर्यत पाहिली नव्हती. निवडणुका मात्र सतरा घेतल्या होत्या. त्यातल्या पंधरा बिनविरोध झाल्या आणि उरलेल्या दोन्हींचा विषय ते काढू देत नसत. माणसाला जे येतं तेच तो करतो. त्यांनी शर्यतीचा कार्यक्रम जाहीर केला: नामनिर्देशन पत्र भरणे, छाननी, चिन्हवाटप, माघार आणि आवश्यकता भासल्यास शर्यत.

"आवश्यकता भासल्यास म्हणजे?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"बाळा, ते छापीलच असतं," शिवलिंगप्पा म्हणाले.

सात मोटारींचे अर्ज आले. छाननीच्या दिवशी शिवलिंगप्पांनी प्रत्येक मोटारीला जन्मसाल विचारलं. उमेदवाराला अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत हा नियम त्यांनी सतरा वेळा पाळला होता आणि अठराव्या वेळी मोडायचं त्यांना काही कारण दिसेना. मुलांनी सांगून पाहिलं की चालवणारा एकोणीस वर्षांचा आहे. शिवलिंगप्पा म्हणाले, अर्ज मोटारीचा आहे. महिनाभरात बांधलेल्या पाच मोटारी अल्पवयीन ठरून बाद झाल्या. उत्तरेश्वरची टिकली, कारण बासष्ट सालचं इंजिन चोवीस वर्षांचं होतं. आणि दुसरी टिकली ती आबारावांचा पुतण्या व्यंकट याची, कारण तिचं बॉनेट एका जुन्या जीपचं होतं आणि त्या जीपनं दोन निवडणुका पाहिल्या होत्या.

चिन्हं चिठ्ठ्या टाकून दिली. उत्तरेश्वरला छत्री आली. व्यंकटला नळ आला.

व्यंकटची मोटार दिसायला फार देखणी होती. लाल रंग, चारी कोपऱ्यांना झेंडे, दोन आरसे, तीन भोंगे, आणि पुढच्या काचेवर आजोबांचा फोटो. तिला इंजिन तेवढं नव्हतं. इंजिनाचा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला होता. तोवर तिला सहा कार्यकर्ते ढकलत आणि त्यातला एक तोंडानं आवाज काढी. प्राचार्यांनी ती पाहून लेखी अभिप्राय दिला, की इंधनाची इतकी बचत त्यांनी परदेशातल्या मासिकातही वाचलेली नाही.

उत्तरेश्वरपुढं वेगळीच अडचण आली. त्याचं इंजिन पाण्यानं थंड राहणारं. विहिरीवर असताना ते विहिरीचंच पाणी पीत असे. मोटारीवर त्याला पाण्याचा डबा लावावा लागला. डब्याला दिवसाला एक घागर. आणि टंचाईच्या आदेशाप्रमाणं पाणी माणसाला मिळत होतं आणि जनावराला मिळत होतं. तिसरा रकानाच नव्हता. बब्रुवान मिस्त्रींनी त्याला तहसिलात पाठवलं. तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "हे पाणी पितं का?"

"पितं," उत्तरेश्वर म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बोलतं का?"

"न्हाय."

"मग जनावर," असं म्हणून कारकुनानं मोटारीचं नाव चारा छावणीच्या नोंदवहीत लिहिलं. जनावर एक. रंग तांबडा. शिंगं नाहीत. खुरं गोल. दूध: सध्या आटलेलं. छावणीवर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला लाळ्या-खुरकताची लस दिल्याचा दाखला दिला आणि सुई मोडल्याचा शेराही मारला. दुसऱ्या दिवसापासून मोटारीला रोज चाळीस लिटर पाणी आणि पंधरा किलो वाढं, म्हणजे परजिल्ह्यातून आलेल्या उसाच्या शेंड्यांचा पाला, मिळू लागलं. पाणी ती प्यायची. वाढं उत्तरेश्वर रविवारी सायकलवर बांधून खडकदऱ्याला न्यायचा आणि शेजारच्या म्हशीला टाकायचा. त्या खऱ्या म्हशीचं गाव छावणीच्या हद्दीबाहेर असल्यामुळं ती नोंदवहीप्रमाणं जनावर नव्हती.

त्यानं आईला हे सांगितलं. चांगुणा म्हणाली, "लेकरा, दाखला जपून ठिव. एकदा जनावर लिवलं की माणूस लिवून घ्यायला लई हेलपाटं पडत्यात." तिला अनुभव होता. रेशनकार्डावर ती पाच वर्षं पुरुष होती.

माघारीचा दिवस आला. या दिवसाचं माहात्म्य बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तालुक्यातल्या कुठल्याच संस्थेत बारा वर्षं मतदान झालेलं नव्हतं. सोसायटी बिनविरोध, दूध संघ बिनविरोध, भजनी मंडळाचा अध्यक्षसुद्धा बिनविरोध. कारखान्याच्या फाटकावर तसा फलकच होता. आता शर्यतीत दोन मोटारी उरल्या म्हणजे त्यातली एक मागं राहणार, आणि मागं राहणाऱ्याचा एक गट तयार होणार, हे आबारावांना दिसत होतं. त्यांनी उत्तरेश्वरला विश्रामगृहावर बोलावलं. तिथं तो पोचला तर सरपंच गुंडप्पा आधीच सोफ्याच्या कडेला बसले होते आणि कोपऱ्यात, खाली फरशीवर, आई बसली होती. तिला जीप पाठवून आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसल्यानं तिला अजून गरगरत होतं.

आबाराव रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. त्यांनी समजावून सांगितलं, की शर्यत हा मुळात सहकाराच्या विरोधातला प्रकार आहे. एकानं पुढं जायचं आणि दुसऱ्याला मागं टाकायचं, ही काय आपली संस्कृती? उत्तरेश्वरनं माघार घेतली तर नुकसान कुणाचंच नाही. बोअर यंदा व्यंकटच्या गावाला, म्हणजे त्यांच्याच गावाला, जाईल. तिथं अकरा आहेत, बारावी झाली की डझन पुरा होईल आणि मग खडकदऱ्याचा विचार करायला मन मोकळं राहील. शिवाय समजूतदारपणाबद्दल खडकदऱ्याला वेशीवर सिमेंटची स्वागत कमान. गुंडप्पांनी कमानीचं चित्र आधीच पाहिलेलं होतं. वर दोन हत्ती होते.

"उत्तरेश्वरा," गुंडप्पा खाली बघत म्हणाले, "हत्ती लई झ्याक हायती."

"पळू द्या की मोटारी," उत्तरेश्वर म्हणाला. "हरलो तर हरलो."

सोवळ्यात कुणी चप्पल घालून शिरावं तसं ते वाक्य सगळ्यांच्या अंगावर आलं. शिवलिंगप्पांनी कपाळावरची विभूती चाचपून पाहिली.

"बाई, तुमी सांगा पोराला," आबाराव म्हणाले.

चांगुणानं डोक्यावरचा पदर नीट केला. "म्या काय सांगू, सायब. म्या देवीपाशी पाणी मागितलंय, कमान न्हाय मागितली. बदलून घ्यायची तर तिला इचारावं लागंल, आन तुळजापूरला जायला जीप तुमचीच लागंल."

आबाराव हसले, अगदी मनापासून. ठीक आहे म्हणाले, लोकशाही आहे, शर्यत होईल. आणि परत जायला जीप मिळणार नाही, हे कुणालाच बोलून दाखवावं लागलं नाही.

शर्यतीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात, जिथं एरवी उसाच्या गाड्या उभ्या राहतात, तिथं चुन्यानं गोल आखला होता. तीन फेऱ्या मारायच्या. एकोणीस गावांतून माणसं आली होती. फाटकाशी टेबल मांडून दोन कारकून बसले होते. सही करायची आणि चिवड्याचा पुडा घ्यायचा. दुष्काळाच्या दिवसांत चिवडा म्हणजे लहान गोष्ट नव्हे. कागदाच्या वरच्या भागावर पांढरा कागद ठेवून दगड ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. वर काय लिहिलंय ते कुणी विचारलं नाही. सही करण्यापूर्वी वर काय लिहिलंय ते विचारणं आपल्याकडं उद्धटपणाचं समजतात. गुंडप्पांनी सही केली. बब्रुवान मिस्त्रींनी केली. उत्तरेश्वर घाईत होता, कारकुनानं जिथं बोट ठेवलं तिथं त्यानंही केली. चांगुणानं अंगठा दिला. चिवड्यात मीठ होतं, तिला तो चालणार नव्हता. पण म्हशीची मालकीण म्हातारी आहे, तिला होईल, म्हणून तिनं तो पुडा पदराला बांधला.

निशाण पडलं. मिस्त्रींनी हँडल मारलं. बासष्ट सालचं इंजिन धडधडलं, काळा धूर सोडला आणि छत्रीची मोटार निघाली. नळाची मोटार जागेवर राहिली. तिचे सहा कार्यकर्ते चिवड्याच्या रांगेत होते.

पहिल्या फेरीला लोक हसले. दुसऱ्या फेरीला लोक ओरडू लागले. तिसऱ्या फेरीला एकोणीस गावांची माणसं उभी राहून, रुमाल उडवत, उत्तरेश्वर-उत्तरेश्वर करू लागली. विहिरीवरचं इंजिन, खाटेचा सांगाडा, स्कूटरची चाकं आणि एस.टी.चं सीट अशी ती वरात चुन्याची रेघ ओलांडून थांबली. चांगुणानं दोन्ही हात जोडले आणि तुळजापूर ज्या दिशेला आहे तिकडं वळून उभी राहिली. तिला वाटलं, आज संध्याकाळी भाकरीवर मिठाचा खडा घेऊ.

मग शिवलिंगप्पांनी निकाल वाचला. त्यांच्या हळू आवाजात तो फार गोड वाटला.

छत्री चिन्हाची मोटार पहिली आली, हे सभा आनंदानं नमूद करत होती. तथापि सदर मोटार ही शासकीय नोंदीप्रमाणं जनावर आहे. तिला चारा, पाणी व लस मिळाल्याचे दाखले सोबत जोडले आहेत. आणि मोटारींच्या शर्यतीत जनावर विजयी घोषित करणं नियमात बसत नाही. सबब शर्यतीत मोटार एकच उरते. ती जागेवर असली तरी तिला विरोध नव्हता. म्हणून नळ चिन्हाची मोटार बिनविरोध विजयी झाली आहे. ठराव उपस्थितांच्या सह्यांनिशी सर्वानुमते मंजूर. सूचक गुंडप्पा, सरपंच, खडकदरा. अनुमोदक उत्तरेश्वर, विद्यार्थी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात रुमाल उडवून गरम झालेलेच होते.

यंत्र आबारावांच्या गावी गेलं. त्यांच्या द्राक्षाच्या बागेत, सार्वजनिक हिताच्या दृष्टीनं मधोमध, बारावी बोअर पाडली गेली. दीडशे फुटांवर पाणी लागलं आणि पहिल्या दिवशी ते नुसतंच वाहू दिलं, कारण शुभ असतं.

आबाराव शब्दाचे पक्के. ठरावाला खडकदऱ्याचीच सूचना आणि खडकदऱ्याचंच अनुमोदन होतं, म्हणून महिन्याभरात वेशीवर कमान उभी राहिली. दोन हत्ती, मध्ये कलश, खाली 'सहर्ष स्वागत'. उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि कमानीपुढं थांबला. हत्ती फार खाली बसवले होते; टँकर आत जाईना. ड्रायव्हरनं उतरून कमानीला नमस्कार केला आणि पाणी बाहेरच्या खड्ड्यात सोडून तो गेला. त्या दिवसापासून बायकांना चार फर्लांग जास्त चालावं लागलं. घागरींच्या जागी ठेवलेले दगडही बायकांनी उचलून तिकडं नेले.

तेव्हा उत्तरेश्वरनं मोटार गावी आणली. ती बुटकी होती, हत्तींखालून सहज जायची. मागं दोन पिंपं बांधून त्यानं टँकरपासून गावापर्यंत पाणी ओढायला सुरुवात केली. कारखान्याच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद आली: शर्यतीमुळे खडकदऱ्याचा पाणीप्रश्न सुटला. चांगुणा मात्र अळणीच जेवत होती. ओढून आणलेलं पाणी आणि लागलेलं पाणी यातला फरक तिला कळत होता.

त्यानं एकेकाला गाठून विचारून पाहिलं, सही का केली. गुंडप्पा म्हणाले, चिवडा होता. मिस्त्री म्हणाले, मी एकट्यानं नसती केली तर काय झालं असतं? ज्याला विचारावं तो एकटाच होता. शेवटी उत्तरेश्वर वरच्या साहेबांकडं अर्ज करायचा म्हणून ठरावाची नक्कल घ्यायला शिवलिंगप्पांकडं गेला. त्यांनी कपाटातून फाईल काढून त्याच्यापुढं ठेवली आणि चहा मागवला. उत्तरेश्वरनं सह्या मोजल्या. चारशे बारा. चिवड्याचे पुडे तीनशे होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वरच्या एकशे बारा कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"जे आले न्हाईत त्यांच्या," शिवलिंगप्पा म्हणाले. "पर ज्यांला मागनं ही गोष्ट कुणी ना कुणी सांगितली. मी बघत असतो. जो उठून चार शब्द बोलला त्याचं नाव घालत न्हाय. तसा अजून कुणी निघाला न्हाय. जो पोट धरून हसला आन आपल्या कामाला लागला, तो अनुकूल. पोटनियम नऊ."

उत्तरेश्वरनं पान उलटलं. खाली बऱ्याच ओळी आखून कोऱ्या ठेवल्या होत्या.

"ह्या?"

"तुझं झालंय, बाळा," शिवलिंगप्पा म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढून पेन कोऱ्या ओळींपाशी ठेवलं. "ह्या आत्ता ज्यांनी ही गोष्ट शेवटपत्तूर ऐकली त्यांच्यासाठी."